अमोरिमला ठेवायचं की नारळ द्यायचा?

नेरूळचा लेफ्टबॅक | २६ मे २०२५, रात्री ११:२०

काल एकदाचा संपला आपल्या मँचेस्टर युनायटेडचा मोसम. शेवटच्या सामन्यात व्हिलाला २-० हरवलं, पण त्याचा आनंद मानायचीही लाज वाटावी अशी अवस्था आहे. ३८ सामने, ४२ गुण, पंधरावा नंबर. १९७३-७४ मध्ये मँचेस्टर युनायटेड खालच्या विभागात उतरलं होतं, त्यानंतर इतका भिकार मोसम झालेला नाही. त्यात गुरुवारी पहाटे युरोपा लीगची बिल्बाओतली फायनल हरलो, तीही टॉटनहॅमकडून. आज पहिल्याच पावसाने हार्बरची वाट लावली म्हणून घरी होतो. दिवसभर सगळ्या ग्रुपवर मॅनेजर अमोरिमचं काय करायचं हाच विषय, म्हटलं इथे नीट धागाच काढू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ठेवायचं की काढायचं यापेक्षा कधी ठरवायचं हा प्रश्न मोठा आहे. काढायचं असेल तर याच आठवड्यात काढा. ठेवायचं असेल तर पुढच्या मेपर्यंत त्याच्याविरुद्ध कोणी ब्र काढायचा नाही. गेल्या वर्षी आपण काय केलं आठवा. तेव्हाचा मॅनेजर टेन हाग लीगमध्ये आठवा आला, पण एफए कपच्या फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं आणि वरची मंडळी विरघळली. जुलैत करार वाढवून दिला. त्याच्या आयाक्समधल्या जुन्या ओळखीचे डी लिख्त आणि मझरावी आणले. आणि २८ ऑक्टोबरला त्याला घरी पाठवलं! बाजार एकाच्या यादीने केला आणि स्वयंपाकाला दुसऱ्यालाच उभं केलं. मग आमटी बिघडली म्हणून बोंब कशाला मारायची?

म्हणून माझं मत: ठेवा. पण मनापासून ठेवणार असाल तरच.

घोडबंदर एक्सप्रेस | २६ मे, रात्री ११:४८

काढा. आणि आजच काढा.

अमोरिमचे लीगमधले सामने २७, गुण २७. एका सामन्याला एक गुण. टेन हागला हाकललं तेव्हा ९ सामन्यांत ११ गुण होते, म्हणजे ज्याला नालायक ठरवून काढलं त्याची सरासरी याच्यापेक्षा बरी. यावर काही उत्तर आहे का तुमच्याकडे?

जानेवारीत ब्रायटनकडून घरच्या मैदानावर हरल्यावर हा गृहस्थ पत्रकारांना सांगतो की ही कदाचित क्लबच्या इतिहासातली सगळ्यात वाईट टीम असेल. अहो, मग मॅनेजर कोण आहे तिचा? मी?

तिसरी घंटा | २७ मे, सकाळी ८:०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

कोपरीकर | २७ मे, सकाळी ९:३०

लेफ्टबॅक, चांगला धागा. आम्ही जुनी माणसं, त्यामुळे माझ्याकडून आपल्या जुन्या मॅनेजरचं, फर्गसनचं नाव येणार हे तुम्हाला ठाऊकच असेल. १९८६ च्या नोव्हेंबरात आला. तीन वर्षांनी, म्हणजे ८९ च्या डिसेंबरात, ओल्ड ट्रॅफर्डवर 'आता निघा' असा फलक लागला होता. जानेवारी ९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध कपचा सामना होता. तो हरला तर फर्गी गेला, असं सगळे धरून चालले होते. मार्क रॉबिन्सने गोल केला, १-० ने जिंकले, पुढे कपही आणला. लीगमध्ये मात्र त्या वर्षी तेरावेच होते. आणि लीग जिंकायला थेट १९९३ उजाडलं.

घोडबंदर एक्सप्रेस | २७ मे, सकाळी ९:४१

आलं! फर्गी आला! काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे उदाहरण आता कायद्याने बंद करायला हवं. पस्तीस वर्षांपूर्वी एकाला वेळ दिला आणि तो फर्गसन निघाला, म्हणून त्यानंतर प्रत्येक हरणाऱ्या माणसात फर्गसन शोधायचा का? फर्गसननंतर मोयेसला सहा वर्षांचा करार दिला होता, दहा महिन्यांत गेला. व्हॅन गालला कप जिंकल्यावर दोन दिवसांत काढलं. मोरिन्यो तिसऱ्या डिसेंबरात गेला. सोल्सशायरला जरा जास्त वेळ दिला, तर वॉटफर्डकडून ४-१ मार खाऊन गेला. वेळ दिल्याने सगळं सुधारतं हा निव्वळ भ्रम आहे.

कोपरीकर | २७ मे, सकाळी १०:१५

अहो, वेळ दिल्याने सुधारतं असं मी म्हटलंच नाही. फर्गसन हरत होता त्या वर्षांतही खाली काहीतरी घडत होतं. पोरं हेरायची यंत्रणा त्याने नव्याने उभी केली, टीममधली दारूबाजी मोडून काढली. गिग्ज त्याच काळात क्लबात आला. वरच्या मंडळींना ते दिसत होतं. नुसती गुणतक्त्याकडे पाहत बसली असती, तर त्यांनीही काढलाच असता. तेव्हा प्रश्न असा विचारा: अमोरिमच्या पंधराव्या नंबराखाली काय घडतंय? मला दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर सांगा.

सानपाड्याची सुलू | २७ मे, दुपारी १:१०

मी स्पर्सची, म्हणजे टॉटनहॅमची. (थांबा, हसून घ्या. झालं?)

आम्ही सतरावे. २२ सामने हरलो. आमच्याखाली फक्त बुडालेले तिघे. पण युनायटेडला या मोसमात चारदा भेटलो आणि चारही वेळा हरवलं. लीगमध्ये ३-० आणि १-०, लीग कपमध्ये ४-३ आणि फायनलला १-०. २००८ नंतरचा पहिला चषक, युरोपातला १९८४ नंतरचा पहिला. लेफ्टबॅक, तू त्या रात्री मेसेज का नाही पाहिलास ते आता तरी सांग.

तो गोलही काय गोल होता! सारने क्रॉस टाकला, ब्रेनन जॉन्सनला तो धड लागलासुद्धा नाही, चेंडू तुमच्या ल्यूक शॉच्या अंगाला लागला, जॉन्सनचा पाय पुसटसा लागला असेल-नसेल आणि तुमचा गोली ओनानाच्या बाजूने घरंगळत आत. पण मी आयुष्यभर सांगत राहणार ती गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या गोलीच्या हातून उंच चेंडू निसटला, तुमच्या होयलुंडने हेड मारला, गोल रिकामा, आणि आमचा व्हॅन डे व्हेन पाठीवर पडता पडता हवेतच पाय फिरवून तो रेषेवरून बाहेर काढतो. घरात सगळे झोपलेले, मी उशी तोंडात धरून ओरडले.

एवढं होऊनही आमच्याकडे मॅनेजर पोस्तेकोग्लूला काढायची कुजबुज आहेच. आम्ही कप जिंकून भांडतोय, तुम्ही हरून. माझं भांडण जास्त सुखाचं.

नेरूळचा लेफ्टबॅक | २७ मे, रात्री १०:०२

सुलू, फोन बंद होता. चार्जिंग संपलं होतं. पुढे चला.

काकांचा प्रश्न रास्त आहे. मला काय दिसतं ते सांगतो, आणि काय खुपतं तेही.

अमोरिम ३-४-३ खेळवतो, म्हणजे मागे तीन, मधे चार, पुढे तीन. त्यात सगळा जीव मधल्या चारांतल्या कडेच्या दोघांत, म्हणजे विंगबॅकमध्ये असतो. तो नोव्हेंबरात आला तेव्हा क्लबात धड विंगबॅक एकही नव्हता. डालोला कधी इकडे तर कधी तिकडे लावला, मझरावीलाही. डोर्गू फेब्रुवारीच्या सुरुवातीला आला, वीस वर्षांचं पोर. पुढे होयलुंडचे लीगमधले गोल ४, झिर्कझीचे ३. अख्ख्या टीमचे ४४. रॅशफर्ड फेब्रुवारीत व्हिलाला उसना गेला, अँटनी जानेवारीत बेतिसला. अशा टीमकडून कोणाचीही पद्धत चालली नसती.

आता खुपतं ते. मधल्या फळीत मधोमध दोनच माणसं, त्यातला एक ब्रुनो. समोरचा तीन घेऊन उतरला की आपले दोघे चक्कर येईपर्यंत पळतात. हे डिसेंबरात दिसलं, फेब्रुवारीत दिसलं, मेमध्येही तेच. आणि वर आपला सगळ्यात जास्त गोल करणारा हाच माणूस, या मोसमात सगळे मिळून १९, गोलपासून चाळीस यार्ड मागे उभा. पद्धतीवर निष्ठा ठीक आहे, पण एखाद्या सामन्यात तरी एक माणूस इकडचा तिकडे कर ना बाबा. इथे घोडबंदरचं म्हणणं मला पटतं.

तरी ठेवा म्हणतो, कारण पुढच्या मोसमात युरोप नाही. आठवडाभर सराव मिळेल. या वर्षी गुरुवारी युरोप, रविवारी लीग, मधे विमान. शिकवणार कधी?

मुंब्रा बायपास | २८ मे, रात्री ८:५५

ताजी बातमी: क्वालालंपूरमध्ये आसियान ऑल-स्टार्सकडून ०-१. मोसम संपल्यावरही हरायची सोय करून ठेवली आहे. बोला पुंडलिक वरदे.

घोडबंदर एक्सप्रेस | २८ मे, रात्री ९:००

:हाहाहा: लेफ्टबॅक, आठवडाभर सराव करून काय होतं ते कळलं का?

बेलापूरचा बाबू | २९ मे, दुपारी १२:४०

भावना बाजूला ठेवून जरा वही उघडू या.

टेन हाग आणि त्याचे सहाय्यक, शिवाय पाच महिन्यांत गेलेले क्रीडा संचालक अ‍ॅशवर्थ, या सगळ्यांना घालवायचा खर्च क्लबच्या हिशेबात साडेचौदा दशलक्ष पौंड दाखवला आहे. अमोरिमला आणताना स्पोर्टिंगला मोजले ते वेगळे. आता चॅम्पियन्स लीग नाही, युरोपा नाही, काहीच नाही. आदिदासच्या नव्या करारात चॅम्पियन्स लीग हुकली की त्या वर्षाचे दहा दशलक्ष पौंड कापायचं कलम आहे. आणि हा तोच क्लब आहे ज्याने गेल्या वर्षी अडीचशे माणसं कमी केली, यंदा आणखी दोनशेपर्यंत करणार म्हणतात, आणि कर्मचाऱ्यांचं फुकट जेवणसुद्धा बंद केलं.

म्हणजे कँटीनमधल्या माणसाची थाळी काढून घ्यायची आणि मॅनेजर बदलायला मात्र कोट्यवधी मोजायचे. फायनलनंतर अमोरिम म्हणाला की मी नको असेन तर भरपाई न घेता जातो. माणूस म्हणून मला ते आवडलं. पण मंडळाने त्याला फक्त स्वस्त पडतो म्हणून ठेवला, तर ते ठेवणं नव्हे, नुसतं लांबवणं झालं. लेफ्टबॅकचा ऑक्टोबर तिथूनच येतो.

जुईनगरची आई | ३० मे, दुपारी ३:२०

मला प्रीमियर लीगमधलं फार कळत नाही, मुलगा बघतो म्हणून मी बघते. पण हे 'कोच हटाव' प्रकरण आमच्या घरी पूर्ण होऊन गेलंय म्हणून लिहिते.

मुलगा तेरा वर्षांखालच्या टीममध्ये आहे. अ‍ॅकॅडमीचं नाव घेत नाही. दिवाळीनंतर नवे सर आले. त्यांनी याला विंगवरून काढून विंगबॅक केलं, टीम तीन डिफेंडरवर नेली. झालं, टीम हरायला लागली. पालकांच्या ग्रुपवर एका बाबांनी अर्ज लिहिला, खाली भराभर नावं पडली. मी सही करायच्या आधी एका शनिवारी सराव बघायला जाऊन बसले. सरांनी चेंडू काढलाच नव्हता. मागच्या तीन मुलांच्या कमरेला लांब नाडा बांधला होता, एकापासून दुसऱ्यापर्यंत. सर हात दाखवतील तिकडे तिघांनी सरकायचं. नाडा ढिला पडला की शिट्टी, ताणला गेला की शिट्टी. अर्धा तास हेच. शेजारी बसलेल्या आई म्हणाल्या, "याचे पैसे भरतोय का आपण?" आणि त्यांचंही चूक नव्हतं, बघायला फारच कंटाळवाणं होतं ते.

पण त्या रात्री जेवताना मुलगा वाटीचमच्यांची मांडणी करून मला समजावत होता की मी पुढे पळालो की मागची जागा रिकामी पडते, तिथे मधला सरकतो, मग त्याच्या जागी पलीकडचा. आधी त्याला फक्त गोल दिसायचा. मी सही केली नाही.

सर मार्चमध्ये गेले. आता आलेले सर जुन्या पद्धतीने खेळवतात, दोन सामने जिंकलेही, पालक खूश. मुलगा मात्र चेंडू मिळाला की क्षणभर थांबतो. जाऊ की नको, असं त्याचं होतं. हे कोणत्या गुणतक्त्यात येतं मला माहीत नाही.

दर्दी दिघेकर | ३० मे, रात्री ११:३५

जुईनगरची आई, दंडवत. धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद.

आता माझी जुनी रड. आपण इथे बसून मँचेस्टरची चिंता करतोय आणि आपल्या मुंबई सिटीचं नाव सव्वीस तारखेपासून कोणी काढलं नाही. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या मोसमात, २०१४ ला, ते आपल्या नेरूळच्या डीवाय पाटीलवर खेळायचे हो! ल्युंगबर्ग, अनेल्का इथे पाम बीचवरून बसने आलेत.

तर ऐका. २०१९-२० मध्ये मुंबई पाचवी आली, प्लेऑफ हुकलं, कोच जॉर्ज कोस्टा गेला. लोबेरा आला, बरोबर गोव्याहून फॉल, जाहू, बुमूस, मंदार राव देसाई असे त्याची पद्धत पाठ असलेले खेळाडू आले. त्याच वर्षी शील्ड (लीगमधला पहिला नंबर) आणि कप (प्लेऑफ जिंकून) दोन्ही. बिपिनचा नव्वदाव्या मिनिटाचा गोल आठवला की अजून काटा येतो. घोडबंदर, हे तुमच्या बाजूचं उदाहरण.

पण पुढचं ऐका. लोबेरा गेला, डेस बकिंगहॅम आला. पहिल्या मोसमात, २०२१-२२ ला, पुन्हा पाचवे, पुन्हा प्लेऑफ नाही. गतविजेते आणि पाचवे! तेव्हा याच मंडळींनी किती शिव्या दिल्या होत्या. क्लबने त्याला ठेवला. २०२२-२३ मध्ये पहिल्या १८ सामन्यांत हार नाही, ४६ गुण, शील्ड घरात. हे लेफ्टबॅकच्या बाजूचं.

एकाला काढून जमलं, एकाला ठेवून जमलं, कारण दोन्ही वेळा क्लबला कसं खेळायचंय ते ठरलेलं होतं. क्लब तेव्हा सिटी ग्रुपच्या हातात होता, त्यांची पद्धत ठरलेली, त्यात बसणारा माणूस शोधायचे. युनायटेडचं काय? मोयेस, मग व्हॅन गाल, मग मोरिन्यो, मग सोल्सशायर. या चौघांत काय समान आहे ते मला सांगा, चहा माझ्याकडून.

(यंदा मुंबईचा कोच क्रॅटकी सहावा आला आणि प्लेऑफमध्ये बेंगळुरूने ५-० धुतलं. त्याचं काय करायचं यावर वेगळा धागा काढतो. तिथे या नक्की, नाहीतर मी आणि माझा मेव्हणा असे दोघेच असतो.)

घोडबंदर एक्सप्रेस | ३१ मे, सकाळी ९:१०

समान काय? चौघांचीही हकालपट्टी. चहा कुठे घ्यायचा?

पण मुद्दा मान्य. फक्त त्यातून उलटा निष्कर्ष निघतो. क्लबची पद्धत ठरलेली नसताना इतक्या टोकाच्या पद्धतीचा कोच आणलाच कशाला? उद्या हा गेला तर पुढच्याला चार विंगबॅक वारशात मिळणार आणि तो म्हणणार मला विंगर हवेत. जितकं याच्या मनासारखं विकत घ्याल तितकं नंतर काढणं महाग. म्हणून आत्ता.

कोपरीकर | ३१ मे, सकाळी ११:००

हा तुमचा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा. आधीच मांडला असतात तर माझं फर्गसनपुराण वाचलं असतं.

नेरूळचा लेफ्टबॅक | १ जून, रात्री ९:४५

घोडबंदर, म्हणूनच आर्सेनल बघा म्हणतो. त्यांचा मॅनेजर आर्टेटा दोन मोसम लागोपाठ आठवा. तिसऱ्याची सुरुवात तीन पराभवांनी, एकही गोल नाही, तळाला. तेव्हा काढला असता तर कोणी हूं की चूं केलं नसतं. पण मंडळाने तोवर त्याच्या पद्धतीची तरणी पोरं घेतली होती आणि ऑगस्टमध्ये घाबरून पलटी मारली नाही. पुढे लागोपाठ तीनदा दुसरा नंबर.

(दुसराच, हे मला माहीत आहे. आर्सेनलवाल्यांनी इथे येऊ नये, धाग्याचा काश्मीर होईल.)

सानपाड्याची सुलू | ६ जून, रात्री १०:३०

काढला.

पोस्तेकोग्लूला काढला. कप जिंकून सोळा दिवस झालेत आज. नेमणुकीला बरोबर दोन वर्षं झाली तोच दिवस निवडला. दुसऱ्या वर्षी मी नेहमी काहीतरी जिंकतो असं तो सप्टेंबरात म्हणाला होता तेव्हा सगळे हसले होते, आणि त्याने जिंकून दाखवलं. लंडनच्या रस्त्यांवर बसमधून मिरवणूक काढली त्याची. आणि आता हे.

घोडबंदर एक्सप्रेस | ६ जून, रात्री १०:४४

वाईट वाटलं, खरंच. पण सुलू, २२ पराभव आहेत गं. एका रात्रीचा कप बघून टेन हागला ठेवण्याची चूक युनायटेडने केली, ती टॉटनहॅमने केली नाही. थंड डोक्याने घेतलेला निर्णय आहे.

सानपाड्याची सुलू | ६ जून, रात्री ११:१५

डोक्याला पटतंय, म्हणूनच जास्त राग येतोय. सतराव्या नंबरावर त्याने लीग सोडूनच दिली होती, दुखापती होत्या, सगळं मान्य. पण मी शाळेत होते तेव्हापासून या क्लबकडे 'पुढच्या वर्षी बघू' हेच ऐकतेय. ज्या माणसाने 'या वर्षी' करून दाखवलं त्यालाच पुढच्या वर्षासाठी नालायक ठरवलं. लेफ्टबॅक, तुझ्या नियमात हे बसतं ना? जूनमध्ये ठरवलं, ऑक्टोबर गाठला नाही.

नेरूळचा लेफ्टबॅक | ७ जून, सकाळी ७:५०

बसतं. मला आवडलं नाही, पण बसतं. नवीन माणसाला अख्खा उन्हाळा मिळेल, त्याच्या मनासारखी खरेदी होईल. आणि पोस्तेकोग्लू कप हातात घेऊन गेला. ऑक्टोबरात गेला असता तर तोच प्रेक्षक त्याला हुर्यो करत होता असं चित्र राहिलं असतं.

बिल्बाओत जिंकलेला गेला आणि हरलेला राहिला. अमोरिम राहतोय हे एव्हाना दिसतंच आहे. कुन्याच्या खरेदीचा व्यवहार होतोय, ब्रुनोने सौदी क्लबला नाही म्हटलं. म्हणजे मंडळाने माझ्या पहिल्या अटीचा अर्धा भाग पाळला. उरलेला अर्धा हिवाळ्यात कळेल.

बेलापूरचा बाबू | १२ जून, रात्री ९:२०

स्पर्सने ब्रेंटफर्डचा मॅनेजर थॉमस फ्रँक आणला. गंमत बघा, २०१८ मध्ये ब्रेंटफर्डला फ्रँकने पहिल्या १० सामन्यांपैकी ८ गमावले होते. त्यांनी ठेवला. नंतर त्यानेच त्यांना प्रीमियर लीगमध्ये आणलं. म्हणजे एका क्लबने धीर धरला म्हणून तयार झालेला कोच, धीर न धरणाऱ्या क्लबने उचलला.

सानपाड्याची सुलू | १२ जून, रात्री ९:३१

बाबू, मीठ चोळायला तुमची परवानगी कोणी मागितली होती?

मुंब्रा बायपास | १८ जून, दुपारी ३:०५

वेळापत्रक आलं. १७ ऑगस्ट, ओल्ड ट्रॅफर्ड, युनायटेड विरुद्ध आर्सेनल. आपल्याकडे रात्री नऊला. कोणाकडे जमायचं?

घोडबंदर एक्सप्रेस | १८ जून, दुपारी ३:२०

पहिलाच सामना आर्टेटाशी. लेफ्टबॅक, तुमच्या उदाहरणाची तोंडी परीक्षा. माझ्याकडे या, पण घोडबंदरचं ट्रॅफिक धरून पाचलाच निघा.

नेरूळचा लेफ्टबॅक | १८ जून, संध्याकाळी ७:००

येतो. हरलो तरी मेपर्यंत ब्र नाही, हे तुम्हालाही लागू.

घोडबंदर एक्सप्रेस | १८ जून, संध्याकाळी ७:०२

मला अजिबात लागू नाही.

सानपाड्याची सुलू | १८ जून, रात्री ८:१५

त्याच आठवड्यात १३ ऑगस्टला उदिनेमध्ये आमचा पीएसजीशी सुपर कप आहे, रात्री साडेबाराला. माझ्याकडे या सगळे, वडापाव माझ्याकडून. युनायटेडवाल्यांना खास आमंत्रण, तुमचे आठवड्यातले दिवस यंदा मोकळेच आहेत म्हणून.